लेक पर्यावरण चळवळीत जायचं म्हणते, काय करू?

प्रश्न: मुलगी रत्नागिरीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. राज्यभरातली पर्यावरण चळवळ उभी करायला पूर्णवेळ काम करणार म्हणते. पोटापाण्याचं काय? तिची समजूत कशी घालू? – एक वडील

उत्तर: नमस्कार. तिला अडवू नका, फक्त रिकाम्या हातांनी पाठवू नका. मोर्चाला माणसं जमतात. प्रकल्पाचा अहवाल वाचून नेमकी चूक दाखवणारी मात्र जिल्ह्याजिल्ह्यात कमी पडतात. तुमच्या लेकीची त्यासाठी निम्मी तयारी झालेलीच आहे.

कसं ते सांगतो. प्रकल्पामुळे निसर्गावर काय परिणाम होईल ते सांगणाऱ्या पर्यावरण परिणाम अहवालासाठी बऱ्याचदा पावसाळा सोडून एकाच हंगामातली पाहणी चालते. कोकणातला कातळसडा, म्हणजे खडकाळ पठार, एप्रिलमध्ये पाहिला तर करपलेलं गवत आणि काळा दगड. त्याला पडीक म्हणायला कितीसा वेळ लागतो? तोच सडा भाद्रपदात सीतेची आसवं नावाच्या रानफुलांनी निळाजांभळा झालेला असतो. प्रकल्पाबद्दल लोकांच्या हरकती ऐकणाऱ्या जनसुनावणीत हे तारीख, जागा आणि फोटोंसह लेखी मांडायला वनस्पती ओळखणारं माणूसच लागतं.

प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीबद्दलच्या २००६च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. 'ब' वर्गातल्या, म्हणजे तुलनेनं लहान प्रकल्पांना मंजुरी देतं राज्यस्तरीय पर्यावरण प्राधिकरण, आणि त्या मंजुरीविरुद्ध पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठात अपील करायला मुदत पुन्हा ३० दिवसांचीच. सबळ कारण दाखवलं तर थोडी वाढते. गावची समिती कागद गोळा करते तोवर दिवस सरतात. चंद्रपूरच्या लोकांनी अहवालात शोधून काढलेली कंपनीची पळवाट रायगडच्या लोकांना सुनावणीआधी कळली पाहिजे. राज्यपातळीवर चळवळ बळकट करणं ते हेच, असं माझं मत आहे.

आता पोटापाण्याचं. एम.एस्सी. करून जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती हाताळणं, शिकता येईल, किंवा पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएल.बी. मला कायदा जास्त पटतो, कारण झाडं ओळखणारे वकील फार थोडे. वकिलीत सुरुवातीची वर्षं ओढगस्तीची जातात, ते धरूनच चाला. चळवळीच्या मानधनावर लगेच घर चालवायची वेळ मात्र तिच्यावर येऊ देऊ नका. पैशांच्या ओढाताणीपायी चांगली माणसं तिशीतच गळतात आणि त्यात चळवळीचंच नुकसान होतं.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर सुनावण्यांच्या नोटिसा आणि मराठी सारांश असतात. जवळची एखादी सुनावणी निवडून तिला सारांश वाचायला सांगा, हरकत तिची तिला लिहू द्या. आणि सुनावणीला तुम्हीही तिच्यासोबत जा.