डोंगरावर चार दिवस, हप्ते वर्षभर

प्रश्न: आम्ही दोघं आणि 6 व 9 वर्षांची मुलं. थंड हवेच्या ठिकाणी, ऐन हंगामात, मुख्य चौकातल्या हॉटेलात तीन रात्रींचं पॅकेज मिळतंय. सहलीसाठी साठवलेल्या पैशांत त्यातले 60 टक्के भागतात. उरलेले 40 टक्के 12 हप्त्यांत फेडावेत, की आणीबाणीसाठी बाजूला ठेवलेल्या दोन महिन्यांच्या घरखर्चातून काढावेत?

उत्तर: दोन्ही नको. सहल मात्र रद्द करू नका. साठवलेल्या पैशांत ती बसते, पण त्या तारखा आणि ते हॉटेल सोडावं लागेल.

आधी हप्त्यांचं बघू. पॅकेजची रक्कम 100 धरली, तर कर्ज 40. समजा, हप्ते देणाऱ्याने ‘फक्त 12 टक्के’ सरळ व्याज सांगितलं, तर ते वर्षाला 4.8, एकूण परतफेड 44.8, हप्ता साधारण 3.73. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, त्यामुळे पूर्ण 40 तुमच्याकडे पहिला महिनाच असतात. व्याज मात्र वर्षभर पूर्ण 40 वर लागतं. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर हाच दर 21 टक्क्यांच्या वर जातो. शिवाय प्रक्रिया शुल्क असेल तर ते वेगळं. जाहिरातीत ‘बिनव्याजी हप्ते’ असेल, तर एकच प्रश्न विचारा: एकरकमी भरले तर किती सूट देता? सूट मिळत असेल, तर तेच तुमचं व्याज.

आणीबाणीचे पैसे तर विषयातच आणू नका. तीन ते सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा असं आम्ही सांगतो. तुमचा दोनच महिन्यांचा आहे.

आता 60 चं गणित. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात 100 ची विभागणी अशी आहे: खोली 48, प्रवास 18, जेवणखाण 20, रोपवे-घोडेस्वारी वगैरे 14. यातला प्रवास फारसा हलत नाही. म्हणून एका रात्रीची सहल उलट महाग पडते. तेच 18 कमी दिवसांवर वाटले जातात. खरी चरबी खोलीत आहे. डोंगर, दरी, सूर्योदय हे सगळ्यांना सारखंच फुकट असतं. हॉटेलवाला पैसे घेतो ते चौकाचे आणि शनिवारचे.

म्हणून रविवारी दुपारी पोहोचा, बुधवारी निघा. हंगाम संपल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे बघा. अगदी आडहंगामात गेलात तर दर अजून पडतात, पण धुकं, दरडी, बंद रस्ते आणि कुलूप लावलेली ठिकाणं वाट्याला येतात. मुलांची शाळा आड येत असेल, तर सलग सुट्टीच्या सुरुवातीऐवजी शेवटचे दिवस धरा.

मुक्काम गावाच्या थोडा खाली घ्या. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटमध्ये खासगी मोटारी नेता येत नाहीत. गाड्या खालच्या टेशमध्ये ठेवून लोक आगगाडीने वर जातात, आणि पैसे वाचवणारे मुक्कामही तिथेच करतात. मात्र खाली राहणं आपोआप स्वस्त ठरत नाही. खोलीच्या भाड्यातला रोजचा फरक काढा आणि त्यातून चौघांचं जाण्यायेण्याचं भाडं वजा करा. बस असेल तर बहुतेक वेळा फायदा उरतो. रोज टॅक्सी करावी लागली तर उरेलच असं नाही. शेवटची बस किती वाजता सुटते, हे खोली ठरवण्यापूर्वी विचारा. सूर्यास्त बघून परतताना ती चुकली, की दिवसभराची बचत एका टॅक्सीत जाते. काही गावांत मुक्कामाच्या करातच स्थानिक बसचा पास मिळतो (आल्प्समध्ये हे बऱ्याच ठिकाणी आहे); तेही विचारून घ्या.

खोलीला स्वयंपाकघर असेल तर जेवणाचे 20 निम्म्यावर येतात: सकाळचं आणि रात्रीचं खोलीवर, दुपारचं डब्यातलं, बाहेर फक्त एकदा. पण तिथे कुकर आहे का, ते बघा. साधारण 2000 मीटर उंचीवर पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात कडधान्य शिजायला इतका वेळ लागतो, की वैतागून माणूस हॉटेलात जाऊन बसतो. हीटर, गरम पाणी आणि जादा गादी यांचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, हे लेखी घ्या.

नवी विभागणी अशी: खोली 20, प्रवास बससकट 18, जेवण 10, रोपवे वगैरे 6, आणि उरलेले 6 राखीव. हे आकडे म्हणजे वरची मर्यादा. खोली 20 मध्ये मिळाली नाही, तर एक रात्र कमी करा; बाकीच्या रकान्यांतून उचलू नका, राखीवमधून तर मुळीच नाही.

रोपवेचं तिकीट आधी काढू नका. जोराचा वारा सुटला की तो बंद ठेवतात. सकाळी आकाश बघून काढा. उतरायची पायवाट सोपी असेल तर वर जाण्याचंच घ्या. सहा वर्षांच्या मुलाला लांब उतार झेपत नाही, मग मध्येच कडेवर घ्यावं लागतं, हे धरून वाट निवडा.

आरक्षणाचं एक गणित तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. समजा, पैसे परत न मिळणारी खोली 18 ला आहे आणि मोफत रद्द करता येणारी 20 ला. सहल रद्द होण्याची शक्यता 10 टक्क्यांहून जास्त असेल, तर 20 ची खोली स्वस्त पडते. दोन लहान मुलांच्या घरात ताप, खोकला, अचानक लागलेली परीक्षा हे सगळं धरलं तर ती शक्यता जास्तच निघते. माझं मत 20 च्या बाजूने. रद्द करण्याची अंतिम तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती उलटली की दोन्ही खोल्या सारख्याच.

सगळ्यात जास्त गळती कपड्यांत होते. दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खालून टी-शर्टवर निघालेलं कुटुंब पहिल्याच संध्याकाळी कुडकुडत बाजारात चार स्वेटर घेतं, आणि राखीव 6 तिथेच संपतात. घरातलेच दोन-दोन पातळ थर, वरून वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी एवढं चौघांचं आधी काढून ठेवा. मुलांचे गेल्या वर्षीचे स्वेटर आजच घालून बघा. आखूड झाले असतील तर नात्यातल्या मोठ्या भावंडांचे मागून घ्यायला अजून वेळ आहे.