न बोलणाऱ्याचं पहिलं वर्ष

तू लिहिलंयस की बारावीनंतर पुण्यात इंजिनिअरिंगचं एक वर्ष झालं, जर्मन भाषा सी-वन या वरच्या पातळीपर्यंत झाली, ऑक्टोबरपासून जर्मनीत मेकॅनिकलला प्रवेशही मिळाला. आणि शेवटी एक ओळ: ‘ताई, मी मुळात कुणाशी चटकन बोलत नाही, तिथे माझं कसं होईल?’

एपीएस म्हणजे कागदपत्रांची पडताळणी, ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं, व्हिसा, यांवर मी काही लिहीत नाही. ते सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, आणि माझ्या वेळचे नियम आता राहिलेही नाहीत. मी २००८ च्या ऑक्टोबरात सांगलीहून पश्चिम जर्मनीतल्या रूर भागातल्या एका शहरात आले. उद्या ऑफिस आहे, तरी रात्री साडेअकराला लिहायला बसलेय ते त्या शेवटच्या ओळीमुळे.

आधी पत्रपेटी. हसू नकोस. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटना नंबर नसतात. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र आलं तसं परत. माझ्या हॉस्टेलच्या पेटीवर आधी राहून गेलेल्या मुलाचं नाव होतं. नावाची पट्टी बदलून घ्यायची तर हाउसमाइस्टरकडे जायचं, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाकडे. तो आठवड्यातून दोनदा सकाळी तासभर बसायचा. मी दोन वेळा त्याच्या दारापर्यंत गेले, आतून कुणाशी तरी बोलण्याचा आवाज आला आणि तशीच जिना चढून परत. आपणच कागदाची चिठ्ठी चिकटवावी तर पेट्यांच्या वर नोटीस होती, परवानगीशिवाय काही चिकटवू नये. नोटिसा पाळणारी मुलगी मी!

तर माझ्या राहण्याच्या परवान्यासाठी कचेरीने भेटीची तारीख कळवली, ते पत्र परत गेलं. मला पत्ताच नाही. मग डिसेंबरात पहाटे पाचला कचेरीबाहेर रांग, हातात नंबराचा चिटोरा, आणि खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या, ‘आम्ही बोलावलं होतं, तुम्ही आला नाहीत.’ पत्र मिळालं नाही एवढंच सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, फक्त क्रियापद शेवटी नेऊन ठेवायचं राहिलं होतं, तेवढ्यात त्यांनी पुढचा नंबर पुकारला. पुढचे चार महिने मी तात्पुरत्या कागदावर काढले. आजही या गोष्टीचा राग येतो, आणि तो त्या बाईंवर किती आणि माझ्यावर किती हे मला वेगळं करता येत नाही.

तू किल्ली घेतोस त्याच वेळी पट्टीचं बोलून घे. वाक्य घरूनच पाठ करून ये.

विद्यापीठ मात्र आपल्यासारख्यांवर मेहेरबान आहे, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पहिल्या वर्षाच्या लेक्चरला शेकडो मुलं असतात, कुणी तुला उभं करून विचारत नाही. वेळापत्रकात ‘सी. टी.’ लिहिलं असेल तर तास दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो. मी बऱ्याचदा ती पंधरा मिनिटं मोकळ्या हॉलमध्ये एकटी बसून काढली, आणि खरं सांगू, मजेत काढली. तास संपला की सगळे बोटांच्या गाठींनी बाक ठोकतात, त्या इथल्या टाळ्या. तोंड न उघडता सगळ्यांबरोबर काहीतरी म्हणता येतं. मी जरा जास्तच जोरात ठोकायचे.

अडतं ते गणिताच्या आणि मेकॅनिक्सच्या आठवड्याच्या गणितांपाशी. आमच्याकडे निम्मे गुण मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि तिघांत मिळून एकच पान द्यायची मुभा होती. मी आठ आठवडे एकटीने दिलं. शेजारच्या मुलीला ‘मी तुमच्यात येऊ का’ एवढं विचारायचं होतं. तपासणारा वरच्या वर्गातला मुलगा होता, त्याने एकदा समासात लिहिलं, ‘एकटीच?’ मला शरमेने कानकोंडं झालं. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःच मला दोघांच्या गटात घातलं. त्यांच्याशी मैत्री वगैरे झाली नाही. फेब्रुवारीत गणित मात्र सुटलं.

मेकॅनिक्स दोन गुणांनी गेलं. निकालानंतर तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा एक दिवस ठेवलेला असतो, तिथे चूक दाखवून गुण वाढवून मागता येतात. गटातला एकजण गेला आणि सुटला. मी गेले नाही. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालास तर तोच अभ्यासक्रम जर्मनीत सहसा पुन्हा घेता येत नाही. मी पहिली संधी केवळ लाजेपायी घालवली. तू तिथे जा. न बोलता नुसता कागद पुढे कर आणि बोट ठेव, चालतं.

एकटेपणाचं काय सांगू. आमच्या मजल्यावर दहाजणांत एक स्वयंपाकघर होतं. मी दाराला कान लावून ते रिकामं व्हायची वाट बघायचे. एका रविवारी, बाहेर सगळी दुकानं बंद, मी चाळणीत पोहे भिजवून ठेवले आणि कांदा आणायला खोलीत आले. तेवढ्यात चारपाचजण आत शिरले. त्यांचं हसणं तास-दीड तास चाललं होतं. ते गेल्यावर पोह्यांचा गोळा झाला होता. तो मी मीठ लावून तसाच खाल्ला.

हे मी विसरले होते असं वाटत होतं. पण माझी मुलगी गेल्या वर्षी चौथीत होती. इथे चौथीतच ठरतं, मूल पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं ते. बाईंनी बोलावून सांगितलं, लिहिते छान पण हात वर करत नाही. आणि शिफारस दिली रेआलशुलेची, म्हणजे मधल्या पायरीची. आमच्या राज्यात ती शिफारस बंधनकारक नाही, आम्ही गिम्नाझियमलाच घातलं, म्हणजे वरच्या पायरीच्या शाळेत. तिथेही तोंडी सहभागाला गुण आहेतच. तर मी, होय मीच, रोज डबा देताना म्हणते, ‘आज एकदा तरी हात वर कर.’ ती काही बोलत नाही, कोरा चेहरा करून बूट घालते. तो चेहरा माझा आहे.

शेवटी एक लिहिणार होते, की घरी खोटं सांगू नकोस. आईला फोनवर काळजी वाटू नये म्हणून मी पहिल्याच महिन्यात एक मैत्रीण तयार केली होती. नाव ॲना. ॲनाबरोबर जेवले, ॲनाने सायकल दिली. पुढच्या वर्षी आईने तिच्यासाठी खणाची पिशवी पाठवली, हिरवी, लाल काठाची. ती अजून माझ्या कपाटात आहे. नंतर खऱ्या मैत्रिणी झाल्या, त्यातली एकही ॲना नाही. गेल्या दिवाळीत आईने विचारलं, ‘तुझी ती ॲना काय करते गं हल्ली?’

म्हटलं, लग्न झालं तिचं, म्युनिकला असते.