स्टेज तीन, ग्रेड दोन : कॅन्सरच्या फाइलमधले शब्द

प्रश्न : बाबा वीस वर्षं खर्रा खात होते. गालात जखम झाली. रिपोर्टात 'ग्रेड २' आहे, डॉक्टर म्हणतात तिसरी स्टेज. खरं कोणतं? (आर्णी, जि. यवतमाळ)

दोन्ही. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात ते; 'मॉडरेटली डिफरन्शिएटेड' म्हणजे ग्रेड २. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचला. फाइलवर 'सीटी२ एन१ एम०' असं काही लिहिलेलं असेल. (यातल्या 'सीटी'चा सीटी स्कॅनशी संबंध नाही.) टी म्हणजे मूळ गाठीचा आकार आणि खोली, एन म्हणजे मानेतल्या लसिका गाठी, एम म्हणजे फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवात पसरणं. गालातली जखम ४ सेंटिमीटरच्या आत असली, तरी त्याच बाजूच्या मानेत ३ सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ सापडली की स्टेज तीन धरतात. 'एम०' असेल तर दूर पसरलेलं दिसलं नाही. आधी हे अक्षर बघा. सुरुवातीचा 'सी' म्हणजे तपासणी आणि स्कॅनवरचा अंदाज. ऑपरेशननंतर काढलेला भाग तपासून त्या जागी 'पी' लिहितात. दोन्ही जुळले नाहीत तर कुणाची चूक झाली असं नाही. पुढं रेडिएशन लागेल का, हे 'पी'वरच ठरतं.

प्रश्न : तुकडा काढला की बिमारी पसरते म्हणतात. नागपूरला पुन्हा काढतील का? (चिमूर, जि. चंद्रपूर)

तपासणीसाठी तुकडा काढल्यानं (बायोप्सीनं) पसरत नाही, थांबून राहिल्यानं वाढते. पहिल्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून नेलेत, तर दुसरा तुकडा बहुधा टळतो. नुसता कागद पुरत नाही. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा. मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं.

प्रश्न : केमोनंतर दहाव्या दिवशी ताप आला. पॅरासिटामॉलनं उतरला. आता काही करायचं का? (धारणी, जि. अमरावती)

हो, आजच दवाखाना गाठा. बहुतेक केमोत सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. रिपोर्टात 'न्यूट्रोफिल'चा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) आकडा ५००च्या खाली गेला, की साधा जंतूही जिवावर बेततो. गोळीनं ताप झाकला जातो, संसर्ग तसाच राहतो. म्हणून आधी थर्मामीटर, मग गोळी. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसलं, तर रात्र असली तरी फाइल घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात जा आणि 'केमो चालू आहे' हे पहिलं वाक्य सांगा. शिरेतून अँटिबायोटिक लवकर सुरू व्हावं लागतं. नागपूर गाठेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : 'पॅलिएटिव्ह रेडिएशन' लिहिलंय. म्हणजे हात टेकले? (आर्वी, जि. वर्धा)

आजार मुळापासून जाणार नाही, हे त्यात आहेच. पण हाडातलं दुखणं, रक्तस्राव कमी करायला ते देतात. हाडासाठी कधी एकच बैठक पुरते. किती बैठका आणि कशासाठी, एवढं विचारून घ्या.