रात्री गाणी आपोआप कशी लावायची?

प्रश्न: आम्ही तिघे मित्र हौसेखातर इंटरनेट रेडिओ चालवतो, रात्रीसाठी फुकट ऑटोमेशन सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? घरात जुना विंडोजचा पीसी आहे.

उत्तर: त्याच पीसीवर भागवायचं तर रेडिओडीजे घ्या, फक्त त्याला मारियाडीबीसारखा डेटाबेस (गाण्यांची माहिती साठवणारं वेगळं सॉफ्टवेअर) आधी टाकावा लागतो आणि बरेच जण तिथेच कंटाळतात, तुम्ही सोडू नका. पण तुमच्याकडे लाइट सारखी जात असेल तर मी अझुराकास्टच म्हणेन, ते भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे दुसरीकडे कायम चालू असणाऱ्या संगणकावर टाकता येतं, सॉफ्टवेअर फुकट पण सर्व्हरचं भाडं पडतं, आणि तुमचा लाइव्ह कार्यक्रम मध्येच तुटला तरी त्यातला ऑटोडीजे (गाणी आपोआप लावणारा भाग) आपणहून गाणी सुरू करतो, हे फार मोलाचं आहे हो. जिंगलची (रेडिओच्या नावाच्या छोट्या धूनची) वेगळी प्लेलिस्ट करून दर 4 गाण्यांनी एक लावा. गाण्यांचं लायसन्स मात्र वेगळं घ्यावं लागतं.