धुळ्यात व्हायबर्नमचं कुंपण: पश्चिमेला नकोच

ताई, तुम्ही विचारलंय की धुळ्याजवळच्या नव्या घराला रस्त्याच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेला, ६० फूट व्हायबर्नमची, म्हणजे या फुलांच्या झुडपाची, हिरवी भिंत करायचीय आणि रोपं फेब्रुवारीत लावली तर चालतील का. फेब्रुवारीत अजिबात लावू नका, आणि पश्चिमेला तर नकोच नको.

मी भुसावळची. हे झाड मला मनापासून आवडतं, म्हणून स्पष्ट सांगते. व्हायबर्नमच्या दीडशेच्या वर जाती आहेत, त्यातल्या बर्‍याच थंडीच्या मुलखातल्या. फोटोत दिसते ती गोल पांढर्‍या गुच्छांची स्नोबॉल, तिला हिवाळ्यात कडक थंडी लागते, ती आपल्याकडे विसराच. आपल्याकडे जमलीच तर ओडोराटिसिमम, बारा महिने हिरवी, जाड चकचकीत पानं, फुलांना गोड वास.

मी हीच १८ रोपं लावली होती, अर्धी पश्चिमेला आणि अर्धी घराच्या पूर्वेला. पावसाळ्यात दोन्हीकडे सारखीच तरारली. मे महिन्यात पश्चिमेकडची पानं टोकाकडून करपायला लागली, तपकिरी कड रोज थोडी आत सरकायची, देठाजवळ तेवढं हिरवं उरायचं. पाणी कमी पडतंय असं वाटून मी ठिबक दुप्पट चालवलं आणि तिथेच चुकलं, कारण आपल्या काळ्या जमिनीत खणलेला खड्डा म्हणजे हौद, पाणी खाली जातच नाही. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडून कुजलेली. नऊपैकी सात गेली. पूर्वेकडची, दुपारनंतर भिंतीची सावली मिळालेली, आज डोक्याच्या वर आहेत.

तर लावायचीच असेल तर पूर्वेला नाहीतर उत्तरेला लावा, पहिला चांगला पाऊस झाल्यावर. खड्ड्यात नको, फूटभर उंच वरंबा करून त्यावर, दोन रोपांत ३ फूट. शेणखत बेताचं. बुंध्यापासून चार बोटं सोडून केळीचा वाळलेला पाला जाड अंथरा, उन्हाळ्यात तो उचलून बघायचा, खालची माती हाताला ओली लागली तर त्या दिवशी पाणी नाही. नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ते चुनखडीमुळे, लोह मिळत नाही, तेव्हा युरिया टाकत बसू नका, चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, द्या.

छाटणी फुलं संपली की लगेच करायची. पुढची फुलं जुन्या फांदीवर येतात, दिवाळीला कात्री चालवली की ती गेली. आणि कुंपण खाली रुंद, वर निमुळतं ठेवा, नाहीतर खालून टकलं होतं.

पश्चिमेला मेंदी लावा, नाहीतर कोयनेल. दोन्ही आपलं ऊन सोसतात, काड्यांवरून होतात, खर्च जवळजवळ नाहीच. फुलांचा वास पाहिजे असेल तर कुंती, फक्त तिला पहिली दोन वर्षं पाणी सांभाळावं लागतं.

नर्सरीत लेबलवर जाऊ नका. पानं समोरासमोर जोडीने हवीत आणि एक पान चुरगाळून बघा, ढोबळी मिरचीसारखा वास आला तर हीच जात. तुमच्याकडे किती फुटांवर मुरूम लागतो ते इथेच लिहा, म्हणजे वरंबा किती उंच घ्यायचा ते नीट सांगता येईल.