पीअर-टू-पीअर फाइल शेअरिंगमध्ये रिक्वेस्ट सगळ्यांना सारख्या वाटायला राउंड रॉबिन पुरेल का? (शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट)

नाही पुरणार. राउंड रॉबिनने, म्हणजे पाळीपाळीने, वाटलं की झाला न्याय, असं ज्याला वाटतं त्याने हॉस्टेलच्या डीसी प्लस प्लस (एकमेकांच्या फाइल शोधून घ्यायचं सॉफ्टवेअर, थोडक्यात डीसी) हबवर कधी सगळ्यात मोठा शेअर, म्हणजे इतरांसाठी खुला ठेवलेला फाइलींचा साठा, ठेवलेला नसतो. मी ठेवला होता. २००८, तिसरं वर्ष, ३२० जीबीची नवी कोरी हार्ड डिस्क.

डीसीत हब फक्त सर्च पोचवतो, फाइल थेट एका मशीनवरून दुसऱ्यावर जाते. कुणाकडून घ्यायची ते मागणारा ठरवतो, आणि मागणारा ओळखीचं निक (टोपणनाव) बघून क्लिक करतो. एकच पिक्चर अकरा जणांकडे, पण रांग माझ्याच दारात. तिन्ही स्लॉट, म्हणजे एका वेळी फाइल देण्याच्या जागा, कायम भरलेले. मग रात्री दोनला खरोखरचं दार वाजायचं, "भावा, एक एक्स्ट्रा स्लॉट दे ना." डिस्क नुसती करकरत असायची, माझी स्वतःची वर्डची फाइल उघडायला मिनिटभर लागायचं.

हब चालवणारा माझाच विंगमेट. त्याला म्हटलं, काहीतरी कर. साहेबांनी काय केलं, तर मिनिमम शेअर १० जीबी, तेवढा नसेल तर हबवर प्रवेश नाही! आठवड्यात सगळ्यांचे १० जीबी भरले. एकाने विंडोजचा फोल्डर तीन वेगळे पासवर्ड टाकून तीनदा झिप करून ठेवला होता. तीच फाइल दोनदा ठेवली तर हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) सारखा येतो आणि ती एकदाच मोजली जाते, एवढं त्याला बरोबर ठाऊक होतं.

मी तेव्हाही हेच म्हणत होतो: किती ठेवलंय ते मोजू नकोस, किती दिलं ते मोज. तो म्हणे, आकडे लोक खोटे सांगतील. अरे, मग विचारायचंच कशाला? बिटटोरंट या दुसऱ्या फाइल शेअरिंग पद्धतीचा क्लायंट (आपल्या मशीनवरचा प्रोग्रॅम) कुणाला विचारत नाही. आपल्याला कोण किती वेगाने देतंय ते दर १० सेकंदांनी स्वतः बघतो आणि जास्त वेगाने देणाऱ्यांनाच देतो. शिवाय दर ३० सेकंदांनी एखाद्या नवख्याला फुकट संधी. बिटटोरंट बनवणाऱ्या ब्रॅम कोहेनने २००३ सालीच हे लिहून ठेवलंय. त्याच्याही आधी, २००० साली ग्नुटेला या फाइल शेअरिंग नेटवर्कवर मोजणी झाली, तेव्हा जवळपास ७० टक्के लोक काहीच शेअर करत नव्हते आणि वरचे १ टक्का लोक सर्चना जवळजवळ निम्मी उत्तरं देत होते. त्या १ टक्क्याचं दुःख मला विचारा.

तुमच्या प्रोजेक्टपुरतं सांगायचं तर, फाइल असलेल्यांतले कुठलेही दोन पीअर (नेटवर्कमधली मशीन) उचला आणि ज्याची रांग छोटी त्याच्याकडे रिक्वेस्ट पाठवा. रांग नुसती मोजू नका, त्याच्या अपलोड स्पीडने भागा. व्हायव्हाला कुणी "मिनिमम शेअर का नाही ठेवला?" विचारलं, तर झिपची गोष्ट सांगा.

ता. क. आमचं सगळं लॅनवर होतं, वेग सगळ्यांना सारखा. मोबाइल हॉटस्पॉटवरच्या माणसाला "दिलंस तेवढंच मिळेल" म्हणणं अन्यायच आहे. फुकटची संधी त्याच्यासाठी थोडी वाढवा.