दगडात कोरलेली लेणी ऊन-पावसाने खरंच खराब होतात का?

दीड-दोन हजार वर्षं टिकलेल्या कातळाला पाऊस काय करणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मी बोरिवलीकर, इथल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना नेहमी जाणारा, म्हणून मुख्यतः तिथलंच सांगतो.

सगळा कातळ सारखा नसतो. कान्हेरी, जोगेश्वरी आणि अंधेरीची महाकाली लेणी ब्रेशियात कोरली आहेत. ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे एकत्र घट्ट होऊन हा खडक बनतो. त्यातला मऊ भाग आधी झिजतो आणि टणक खडे उघडे पडतात. घारापुरीचा बेसॉल्ट त्यामानाने कणखर, पण तिथे चारी बाजूंनी समुद्र. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ ओलाव्याबरोबर दगडाच्या छिद्रांत शिरतं. दगड वाळला की मीठ आतच राहतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. (तिथल्या मूर्तींच्या तुटक्या हातापायांचं खापर मात्र सगळं हवामानावर फोडू नका, माणसांनीही भरपूर तोडफोड केली आहे.)

माझ्या मते समोरून येणाऱ्या सरीपेक्षा डोक्यावरून झिरपणारं पाणी जास्त घातक. कोरणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. कान्हेरीच्या टेकडीवर चढून बघा, कातळात पन्हळी खोदून पाणी वळवलंय आणि लेण्यालगतच्या टाक्यांत सोडलंय. भिक्खूंना वर्षभराचं पाणी मिळालं आणि लेणंही कोरडं राहिलं. या पन्हळी पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी भेगांत उतरतं. साचलेल्या मातीत पिंपळ रुजतो, मुळं भेग रुंदावत जातात. पुढे ते झाड ओढून काढलं तर दगडाचा तुकडाही बरोबर येतो! भेगेत सिमेंट भरणं तर आणखी वाईट. त्याने ओलावा आत कोंडतो आणि सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात.

आता हवामान बदलाचं. मुंबईचा वर्षाचा दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत कोसळतो. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर झाला. हवा तापेल तशी ती जास्त बाष्प धरते आणि ढगफुटीसारखे दिवस वाढतात. पन्हळींची रुंदी मात्र कोरली तेव्हा होती तेवढीच आहे.

बघायचं असेल तर ऐन जुलैत कान्हेरीला जा. कुठली पन्हळ वाहते आणि कुठलं लेणं गळतं, ते तेव्हाच कळतं. सोमवारी उद्यान बंद असतं.